हात लागलेला खांदा

आमच्या मामांनी आपला उजवा खांदा जसा जपला तसा कोहिनूर हिरासुद्धा कोणी जपला नसेल. कोहिनूर गेलाच की शेवटी सातासमुद्रापार! मामांचा खांदा मात्र परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर शेवटपर्यंत जागच्या जागी होता, आणि त्याला ओरखडाही नव्हता. मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. पण सख्खे-चुलत हा हिशेब आमच्या चाळीत कोणी करत नसे. ते सगळ्यांचेच मामा होते. गिरगावातल्या एका छापखान्यात ते कंपोझिटर होते. खणाखणांच्या लाकडी पेटीतून शिशाचे, एकेका अक्षराचे खिळे उचलायचे, ओळीत जुळवायचे आणि उलट्या अक्षरांचा मजकूर तुम्ही-आम्ही पेपर वाचतो तसा घडाघडा वाचायचा, हे त्यांचं पंचवीस वर्षांचं काम. मामी लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. घरात मामा, एक टकळी आणि मध्यंतरी काही महिने एक शेळी, एवढाच संसार. शेळीचं सांगेन पुढे. आधी खांदा.

झालं होतं असं. स्वराज्य यायच्या थोडं आधी दादरला समुद्राकाठी राष्ट्रपित्याची सायंप्रार्थना होती. मामा तिथं स्वयंसेवक. काम काय, तर लोकांच्या चपला सांभाळणं. 'पादत्राणे येथे ठेवावीत' अशी पाटी मामांनी स्वतः रंगवून बांबूला बांधली होती आणि पाटीखाली ते दंडाला फडकं बांधून उभे होते. प्रार्थना संपली, राष्ट्रपिता परत निघाले, आणि ज्यांच्या आधारानं ते नेहमी चालत ती माणसं गर्दीत मागे पडली. वाळूत त्यांचा पाय जरा रुतला. त्यांनी हात टेकला तो मामांच्या खांद्यावर, आणि तसेच ते मोटारीपर्यंत चालत गेले. हात टेकला त्याच क्षणी, पाटीजवळच, एका फोटोवाल्यानं दिव्याचा भपका उडवून फोटो काढला होता. झालं. एवढंच. पण एवढ्यावर मामा उरलेला जन्म जगले. किती पावलं चालले, हे मात्र निश्चित सांगता येणार नाही. मी कोकणातून मुंबईला आलो तेव्हा ती अकरा होती, माझ्या लग्नात एकवीस झाली आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली त्या सुमारास एकावन्नावर गेली. आणखी दहा वर्षं मामा हिंडते-फिरते राहिले असते तर राष्ट्रपिता दादरहून परळपर्यंत चालत आले असते, आणि आमच्या जिन्यात त्यांना कोणीतरी चहा विचारला असता. "मग ते तुम्हाला काय म्हणाले?" असं कोणी विचारलं की मामा शांतपणे सांगत, "काही नाही. सोमवार होता. त्यांचं मौन होतं."

त्या दिवसापासून मामांचा उजवा खांदा कामातून सुटला. पिशवी डाव्या खांद्यावर, छत्री डाव्या खांद्यावर, रेशनचं पोतं डाव्या खांद्यावर, नळावरून भरलेली कळशी डाव्या खांद्यावर. गणपती बघायला चाळीतलं एखादं पोर खांद्यावर घ्यायचं झालं तर तेही डाव्याच. झोपायचे डाव्या कुशीवर. न्हाव्याला ताकीद होती की फडकं झटकायचं ते त्या बाजूला नाही. कोणी मागून "काय मामा" म्हणत उजव्या खांद्यावर थाप मारायला गेला की मामा इतक्या चपळाईनं वळत, की थाप हवेत जाई आणि मारणारा तोल सावरत बसे. दहा-बारा वर्षं असं चालल्यावर व्हायचं ते झालं. मामा डावीकडे कलले. लांबून येताना दिसले की वाटे, भिंतीवरची तसबीर कोणीतरी नीट सरळ करायला हवी. डाव्या खांद्याला घट्टा पडला, सदरे तिथं विरत, ठिगळं तिथं लागत. उजवा मात्र जावयासारखा बसून होता.

बाकी मामांनी राष्ट्रपित्याचं अनुकरण करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. सोमवारी मौन. पण छापखान्यात मौन कसं पाळणार? मग ते मालकाशी खिळे जुळवून बोलत. मालकानं विचारावं, "पान झालं का?" आणि मामांनी ओळ जुळवायच्या पट्टीत 'होत आहे' एवढे खिळे लावून पुढे करावेत. मालक बिचारा उलटं वाचायला शिकला. शेळी आणली तीही याच ओढीनं. गाईचं दूध सोडलं आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत शेळी बांधली. दूध तिनं आठवड्यातून पावशेर दिलं असेल, पण शेजाऱ्यांची दोन धोतरं, एक परकर आणि चळवळीच्या एका पत्रकाची तपासलेली प्रुफं तेवढ्यात फस्त केली. त्या पत्रकातल्या चुका तशाच छापल्या गेल्या आणि सबंध लालबागभर वाटल्या गेल्या. शेवटी चाळीनं एकमतानं शेळीची पाठवणी केली. आमच्या चाळीत एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

आणि मामांचं व्याख्यान! दर ऑक्टोबरात राष्ट्रपित्याच्या जयंतीला मंडळाच्या खोलीत मामा त्यांचं चरित्र सांगत. तिथं मात्र ते थट्टेचा विषय नसत, हे कबूल केलं पाहिजे. तो लाजराबुजरा मुलगा, परदेशी गेलेला तो वकील, रात्रीच्या थंडीत आगगाडीतून सामानासकट बाहेर ढकललेला तो माणूस, मग मूठभर मिठासाठी चालत निघालेला तो म्हातारा; मामा सांगू लागले की गिरणीतून थकून आलेली माणसं मांडी बदलायची विसरत. 'या माणसानं देश उभा केला तो भाषणं देऊन नव्हे, पायी चालून आणि संडास झाडून,' हे मामांचं ठरलेलं वाक्य. फक्त एवढंच, की हे सगळं चरित्र कुठूनही निघालं तरी दादरच्या वाळूत येऊन थांबे. ऐकणाऱ्याला वाटावं, राष्ट्रपिता जन्मले, शिकले, आफ्रिकेला गेले, तुरुंगात गेले ते सगळं मामांच्या खांद्यापर्यंत पोचायचं होतं म्हणूनच.

या व्याख्यानात पहिल्या रांगेत बसून खाकरणारा माणूस म्हणजे बाबल. बाबल मामांच्या शेजारच्या खोलीत राहायचा. मूळचा मालवणकडचा, लालबागच्या गिरणीत साचे चालवायचा, लाल बावट्याचा कट्टर माणूस, आणि मामांची थट्टा करण्यात चाळीत त्याचा पहिला नंबर. मामांना राष्ट्रपित्याबद्दल जेवढा आदर, तेवढाच बाबलला मामांच्या खांद्याबद्दल संशय. पण दोघांचं एकमेकांवाचून क्षणभर भागत नसे. बुधवारी बाबलच्या घरी मासे होत. मामा शाकाहारी, अगदी सोवळे शाकाहारी. पण बाबलवैनींच्या बांगड्याच्या कढीचा वास भिंतीतून आला की ते वाटी घेऊन दारात उभे राहत. त्यांनी यावर तोड काढली होती. ते म्हणत, "तुकडा म्हणजे हिंसा. नुसता रस्सा म्हणजे शेजारधर्म." वैनी वाटीभर रस्सा घालत आणि बाबल, जो राष्ट्रपित्याला नुसतं 'म्हातारो' म्हणे, आतून ओरडून सांगे की म्हाताऱ्याक समाजला तर खांद्यावरचो हात काढून घेतलो. मामा वाटीवर झाकण ठेवून निघून जात.

चळवळ सुरू झाली आणि या थट्टेला जरा धार आली. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीत बसलेले म्हणू लागले, आणि दिल्लीत बसलेले म्हणजे राष्ट्रपित्याचेच वारस. लोकांची डोकी तापली. एके दिवशी बाबल आणि चार-पाच जण मंडळाच्या खोलीत खुर्ची लावून राष्ट्रपित्याची तसबीर उतरवायला निघाले. मामा धावत आले. भांडले नाहीत, आरडाओरडा केला नाही. खुर्चीचा पाय धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बाबल, बापानं घर बांधून दिलं. आता पोरं खोल्यांवरून भांडतायत. तू पोरांचे कान उपट, मी येतो तुझ्याबरोबर. पण बापाची तसबीर कशाला उतरवतोस?" बाबल तसबिरीवरची धूळ हातानं पुसून खाली उतरला आणि मामांना म्हणाला, येतंय म्हणालास तर चल. मामा गेले. सभांना गेले, मोर्च्यांना गेले, छापखान्यात पत्रकं जुळवली, फ्लोरा फाउंटनला सत्याग्रहात पकडले गेले. पकडायला आलेल्या शिपायालाही त्यांनी नम्रपणे सांगितलं की डावा दंड धरा. तो शिपाई आपला मराठीच होता. त्यानं मुकाट डावा दंड धरला.

सुटून आल्यावर बाबलनं चाळीच्या गॅलरीत सगळ्यांदेखत मामांना विचारलं की एवढा जपून त्या खांद्याचं करणार काय? लोणचं घालणार? आणि मग तो असं एक वाक्य बोलून गेला, ज्यामुळे मी हे सगळं सांगत बसलोय. तो म्हणाला, "मामानू, मी मेलंय काय तो म्हाताऱ्याचो हात लागलेलो खांदो माका व्हयो. माझ्या तिरडीक." सगळे हसले. मामाही हसले. म्हणाले, "आधी मर तर खरा."

आता माझं पाप सांगतो. मी गिरगावात एका फोटो स्टुडिओत डार्करूमचं काम करत असे. ही नोकरी मामांनीच मला लावून दिली होती, आणि ती माझ्या प्रेमापोटी नव्हे. तो भपका उडवून काढलेला फोटो मामांना हवा होता. काळबादेवीपासून दादरपर्यंत दर रविवारी एक स्टुडिओ, असे ते वर्षानुवर्षं हिंडले होते. भाचा आतल्या गोटात असलेला बरा, म्हणून मला तिथं चिकटवलं. रोज संध्याकाळी विचारणार, "काही?" मी म्हणायचो, "काही नाही." आठ वर्षं हा संवाद चालला. अहो, मलाही कंटाळा येतो. एकदा मी चिडून म्हणालो की मामा, तो फोटोवाला तुमचा नव्हे, त्यांचा फोटो काढत होता. तुम्ही कडेला कापले गेला असाल. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. मग मीच दोन दिवस त्यांच्या मागे लागलो.

आणि एक दिवस प्लेट सापडली. एक म्हातारा फोटोग्राफर वारला होता आणि त्याच्या काचेच्या जुन्या प्लेटांचे गठ्ठे आमच्या मालकानं उचलले होते. वरचा मसाला गरम पाण्यात धुऊन टाकायचा आणि काच फ्रेमवाल्याला द्यायची, हे माझं काम. मी धुवायला घेतलेली प्लेट सवयीनं उजेडाला धरली आणि हातातली बादलीच खाली पडली. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं असलं तरी आमचे मामा मी ओळखणार नाही? दंडाला फडकं, मागे पाटी, तोंड अर्धवट उघडं, आणि खांद्यावर तो हात. मी घाईघाईनं कागद काढला, प्रत केली, पाण्यात हलवली. हळूहळू चित्र उमटलं. पाटीवरची 'पादत्राणे येथे ठेवावीत' ही अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. आणि राष्ट्रपित्याचा हात मामांच्या डाव्या खांद्यावर होता.

मी त्या ओल्या कागदाकडे किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. आधी हसू आलं, खरं सांगतो. मग त्या संध्याकाळचा हिशेब मांडू लागलो. गर्दी, धक्काबुक्की, तो भपका, छातीतली धडधड. त्यात माणसाला कुठला खांदा ते नीट कळलं नसेल, आणि घरी येईपर्यंत मनानं उजवा धरला असेल. शुभ ते उजवं, ही आपली जुनी सवय. पण आता हे त्यांना दाखवायचं कसं? ज्या खांद्यासाठी माणूस अर्धा वाकडा झाला तो खांदाच नव्हे म्हणून सांगायचं? आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट आहे. प्लेट मसाल्याच्या बाजूनं कागदावर ठेवली तर फोटो सरळ येतो; पालथी ठेवली तर डाव्याचं उजवं होतं. जरासा पुसट येतो, एवढंच. मी प्लेट पालथी ठेवली. पाटीवरची अक्षरं उलटी आली तेव्हा तेवढ्या भागाला जास्त उजेड देऊन तो काळवंडून टाकला. अक्षरं अगदी गेली नाहीत, पण कोण बघतंय त्या चपलांच्या पाटीकडे, असं म्हटलं. सरळ प्रत फाडून टाकली, आणि उलटी फ्रेम करून घरी आणली.

मामांनी फोटो दोन्ही हातांत धरला. खिडकीशी नेला. इतका वेळ बघत राहिले की मला घाम फुटला. मग चष्मा काढून पुसला, परत लावला, परत पाहिलं. शेवटी म्हणाले, "छान काढलायस." मी काढला नव्हता, पण ते तसं म्हणाले खरं. फोटो भिंतीवर लागला, चाळ लोटली, बाबलनंही येऊन पाहिला आणि प्रथमच मामांपुढे कानाची पाळी धरली. म्हणाला, मामानू, हरलंय. मामांनी त्याला पेढा दिला. मला वाटलं, जिंकलो. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. एक गोष्ट मात्र त्यानंतर घडली आणि ती माझ्या लक्षात यायला हवी होती: मामांनी पावलं सांगणं बंद केलं. कोणी विचारलं तर म्हणत, "थोडी. मोजली नाहीत."

बाबलला खोकला होताच. गिरणीत कापसाची तूस छातीत जाऊन जाऊन पुष्कळांना होतो तसा. पण त्या वर्षी तो खोकला त्याला घेऊन बसला. मुंबईसह महाराष्ट्र होणार अशी बातमी पक्की झाली तेव्हा बाबलला उठून बसवावं लागत होतं. मामा रोज कामावरून आले की त्याच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवत. एका संध्याकाळी आम्ही सगळेच तिथं होतो. बाबलनं मामांचा हात धरला आणि म्हणाला, "मामानू, खांद्याचा लक्षात आसा मा? हात लागलेलो." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. ज्या माणसानं जन्मभर साच्यावर उभं राहून दुसऱ्यांसाठी कापड विणलं, त्याला शेवटी एवढी एकच गोष्ट हवीशी वाटली होती. मामा म्हणाले, "दिला, बाबल. हात लागलेला खांदाच देईन." वैनींनी ऐकलं, चाळीनं ऐकलं. आठवड्यानं बाबल गेला.

तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा कोणी न सांगता लोकांनी पुढची एक जागा मोकळी ठेवली. दांडा उजव्या खांद्यावर येतो ती. मामा पुढे आले. त्या जागेवर उभे राहिले. दांड्याला हात लावला. मग खाली वाकून तिरडीच्या पुढून पलीकडच्या बाजूला गेले, तिथल्या माणसाला हातानं बाजूला केलं आणि दांडा घेतला आपल्या डाव्या खांद्यावर. वैनी दारातून बघत होत्या. मामांनी मान वर केली नाही. परळपासून भोईवाड्याच्या स्मशानापर्यंत वाटेत तीनदा खांदेपालट झाला, बाकीचे बदलले, मामा मात्र जागेवरून हलले नाहीत. पण ते कौतुक कोणाला? सगळ्यांच्या मनात एकच. मेलेल्या माणसाला दिलेला शब्दसुद्धा या माणसानं पाळला नाही. खांदा जपला!

चाळ काही बोलली नाही, पण चाळीचं न बोलणं फार ऐकू येतं. मामा जिन्यात दिसले की माणसं आपल्या खोलीत काहीतरी काम काढत. आणि बुधवारी बाबलवैनींच्या घरून रस्सा येईना. आधी सुतक म्हणून, नंतर सुतक फिटल्यावरही. मामा एकदा वाटी घेऊन दारापर्यंत गेले; वैनींनी दार लोटून घेतलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि माझंही डोकं फिरलं. बाबलच्या तेराव्यानंतर मी तडक मामांच्या खोलीत गेलो. तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, लाज वाटली मला तुमचा भाचा म्हणवून घ्यायची. एक मरणारा माणूस एवढंसं मागतो आणि तुम्ही सगळ्यांसमोर कबूल करून ऐन वेळी पाठ फिरवता? कसले राष्ट्रपिता आणि कसली सत्याची व्याख्यानं!

मामा टकळीवर सूत काढत होते. माझं संपेपर्यंत थांबले. मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून म्हणाले, "ती पाटी वाच."

मी म्हटलं, दिसत नाही, काळी आहे.

"मला दिसते. पंचवीस वर्षं उलटी अक्षरं वाचतोय मी. तू फोटो हातात दिलास आणि ती पाटी मला छापखान्यातल्या पानासारखी वाचता आली. तेव्हाच कळलं, तू काच पालथी घातलीयस."

कंपोझिटरला उलट्या अक्षरांनी फसवायला निघालेला मी एकटाच गाढव असेन या मुंबईत. मामा शांत होते. म्हणाले, "बाबलनं कुठला खांदा मागितला? हात लागलेला. मी तोच दिला." मग जरा हसून म्हणाले, "बघ की, ज्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला त्याला मी इतकी वर्षं हमाल केला, आणि बसून खाणाऱ्याची पूजा केली. पहिल्या रात्री फार वाईट वाटलं. पण नंतर वाटलं, बरंच झालं की रे. त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, राबणाराच माझा."

मी म्हटलं, मग हे चाळीला सांगा, निदान वैनींना सांगा. मामांनी मान हलवली. हे सांगायचं तर फोटोचं सांगावं लागणार, आणि मग तुझं सांगावं लागणार, असं त्यांचं म्हणणं. तू माझ्यासाठी एवढं केलंस, तुला चाळीत खोटारडा ठरवून मी खरा ठरू? बोलू देत लोकांना. चार दिवस बोलतील. मला शपथ घातली त्यांनी, कोणाला सांगायचं नाही म्हणून.

मी शपथ पाळली नाही. पाळणं शक्यच नव्हतं. वैनी रोज त्या बंद दारामागे मनात काय घेऊन बसत असतील, ते मला सहन होईना. पुढच्या बुधवारी सकाळी त्या दादरच्या बाजारातून मासे घेऊन आल्या तेव्हा मी त्यांच्या ओट्याशी जाऊन उभा राहिलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. प्लेट, पाटी, माझा अगोचरपणा, मामांचं बोलणं, सगळं. वैनी बांगडे साफ करत होत्या. त्यांनी विळी बाजूला ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि एवढंच विचारलं, "म्हणजे ह्येनी मागलेलोच खांदो गावलो मा ह्येंका?" मी म्हटलं, हो. "मगे झाला," म्हणाल्या, आणि परत विळी ओढली. संध्याकाळी मामांच्या दारात वाटी होती. वाटीत रस्सा होता, आणि चुकून की मुद्दाम कोण जाणे, एक तुकडाही होता. मामांनी त्या दिवशी तोही खाल्ला. मला बघून म्हणाले, "सांगितलंस ना?" मी खाली बघितलं. चाळीला मात्र आम्ही तिघांनीही कधी काही सांगितलं नाही. हळूहळू चाळ विसरली आणि जिन्यात पुन्हा "काय मामा" सुरू झालं. मामा उजवा खांदा पूर्वीसारखेच जपत राहिले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याला आता या वयात कामाला कुठं लावू?"

महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी सगळ्या लालबाग-परळला दिवे लागले होते. मामांना खाली जाऊन बघायचं होतं. खिळे वेचून वेचून नजर अधू झाली होती, जिन्यात अंधार होता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही तीन मजले सावकाश उतरलो. वाटेत बाबलच्या दाराशी ते क्षणभर थांबले. "असायला हवा होता," म्हणाले. मग खाली रस्त्यावर आलो, दिवे बघितले, कोणीतरी पेढे वाटत होतं, ते खाल्ले.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोटो माझ्याकडे आहे, तसाच, उलटा. येणारे-जाणारे म्हणतात की अहो, मागची पाटी उलटी आलीय, नीट प्रत काढून घ्या. मी बघू म्हणतो. पण त्या संध्याकाळची एक गोष्ट मला अजून छळते. तीन मजले तो हात माझ्या खांद्यावर होता, त्याची ऊब अजून आठवते, जिन्याच्या पायऱ्या आठवतात, वैनींच्या दारातला दिवा आठवतो. पण खांदा उजवा की डावा? कितीही डोकं खाजवलं तरी ते काही आठवत नाही. म्हणून मी नळावरून पाणी आणताना एक कळशी या खांद्यावरून आणतो आणि एक त्या.